राहतं घर भाड्याने द्यायचंय: एक खोली कुलूपबंद ठेवावी का? (मदत हवी आहे)

उंबरठा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. आधी शोधून पाहिलं, पण घर भाड्याने घेणाऱ्यांचे धागे पुष्कळ, देणाऱ्यांचे फारसे दिसले नाहीत.

पुण्यात कर्वेनगरला आमचा टू बीएचके आहे. तिसरा मजला, २००५ पासून तिथेच राहतोय. कर्ज फिटलंय. मिरजेला आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालते, पण तिला एकटं ठेवता येत नाही आणि पुण्याला यायला ती तयार नाही. माझं काम घरूनच असतं, नवरा गेल्या वर्षी रिटायर झालाय, मुलगा बंगळुरूला. म्हणून दोनेक वर्षांसाठी आम्हीच मिरजेला जायचं ठरवलं.

घर बंद ठेवायचं नाही, एवढं पक्कं. समोरचा फ्लॅट दीड वर्ष बंद होता. न्हाणीघराच्या जाळ्यांखालचं पाणी आटलं आणि ड्रेनेजमधली झुरळं वर आली. त्यांनी दार उघडलं तेव्हाचा वास आमच्या हॉलपर्यंत आला होता.

तर भाड्याने द्यायचंय. एजंट म्हणतो, २४ हजार भाडं आणि ७५ हजार डिपॉझिट सहज मिळेल. त्याला एक महिन्याचं भाडं द्यायचं. अडतंय ते इथे:

शेजारचे काका म्हणतात, ११ महिन्यांचाच करार कर, पाचशेच्या स्टॅम्पवर, आणि नोटरी करून टाक. त्याच्या वर गेलीस तर भाडेकरूला हक्क मिळतो. खरं का?

सेक्रेटरी म्हणतात, भाडेकरू ठेवलात तर महिना १५०० जादा द्यावे लागतील, आणि आधी कमिटीची एनओसी घ्या. कमिन्स हे मुलींचं कॉलेज जवळ असल्यामुळे मुलींची चौकशी येते, तर 'बॅचलर चालणार नाहीत' असंही म्हणाले. आमच्या मेंटेनन्सचं बिल ३१०० येतं, त्यावर १५०० म्हणजे जरा जास्तच वाटतंय.

आणि मुख्य प्रश्न. आजेसासूबाईंचं एक शिसवी कपाट आहे, साडेसहा फूट उंच. आम्ही राहायला आलो तेव्हा आत आणलं. नंतर सेफ्टी डोअर बसवलं आणि त्याच्या चौकटीने दाराची रुंदी चार बोटं कमी झाली. आता ते बाहेर निघत नाही. शिवाय पुस्तकं, भांडी, लग्नातल्या साड्या, नवऱ्याची हार्मोनियम. मिरजेच्या घरात आईचंच सामान मावत नाही. म्हणून मनात आहे की लहान बेडरूममध्ये सगळं रचून कुलूप लावावं आणि बाकीचं घर वन बीएचके म्हणून द्यावं. कुणी असं केलंय का?

लांबलं, माफ करा.

सरळसोट:
काकांना आधी आवरा. नोटरी केलेला भाडेकरार महाराष्ट्रात रद्दीच्या भावाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ११ दिवसांचा. नोंदणीची जबाबदारी मालकावर. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यापेक्षा वाईट गोष्ट अशी की उद्या वाद झाला, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवणं तुमच्या गळ्यात.

अकराचा आकडा आला तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, ती चुकवायला लोक अकरावर थांबायचे. आपल्याकडे ही पळवाट २००० साली, नवा कायदा लागू झाल्यावर, बुजली. सवय तेवढी राहिली.

आणि 'हक्क' मिळतो ही भीती जुन्या पागडीच्या भाडेकरूंवरून आलेली. तुम्ही करताय ते लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे वापराची परवानगी. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि तोवर दुप्पट भाडं मागता येतं. दोन वर्षं जाणार आहात ना? मग सरळ २४ महिन्यांचा करा. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस आणि भाडेकरूला सहा महिन्यांचा लॉक-इन घाला, म्हणजे तेवढे महिने त्याला सोडून जाता येणार नाही.

हिशोब: २४ महिन्यांचं भाडं ५,७६,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, त्याचे दोन वर्षांचे १५,०००. बेरीज ५,९१,०००, त्याचा पाव टक्का म्हणजे १४७८, वरच्या शंभरात धरून १५०० स्टॅम्प ड्युटी. महापालिका हद्दीत नोंदणी फी १०००. ऑनलाइन करा, माणूस घरी येतो. आधार, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, झालं. त्याची फी वेगळी. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं तुमचं काम आहे, एजंट 'बघतो' म्हणेल, पण पोच स्वतःच्या हातात घ्या.

उंबरठा:
बाप रे, इतकं व्यवस्थित! काकांना प्रिंट काढून देते. (देणार नाही. चहाला बोलावणं बंद होईल.)

चहाबाज:
सरळसोट यांना अनुमोदन. मी स्वतः एका सोसायटीचा चार वर्षं खजिनदार होतो, तेव्हा सेक्रेटरीच्या त्या १५०० बद्दल ऐका. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते जादा शुल्क, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरलेले आहेत: सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, तेही महापालिकेचे कर सोडून. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश कायम ठेवला. इथेच लोक फसतात. १० टक्के म्हणजे ३१०० चे ३१० सुद्धा नाहीत. बिल उलगडून बघा. दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी, पार्किंग हे सगळं बाजूला काढलं की सेवाशुल्क उरतं, सफाई, वॉचमन, जिन्यातली वीज वगैरे. समजा १८०० असेल, तर महिना १८० रुपये.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे) कमिटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. मुलींबद्दल मात्र भांडण कागदावर जिंकाल आणि जिन्यात हराल. तुम्ही मिरजेला, रात्री अकराला फोन येणार. माझ्या मते पहिल्या खेपेला कुटुंब बघा. चुकीचं बोलतोय हे माहीत आहे, तरी सांगतोय.

मीनाक्षी२७:
चहाबाज, असे सल्ले सगळेच देतात, म्हणून मला कर्वेनगरात घर मिळवायला अडीच महिने लागले होते. शेवटी ज्यांनी दिलं त्यांचं घर आम्ही तिघींनी सोडलं तेव्हा ओटा नव्यासारखा होता. उंबरठाताई, निदान भेटून तरी बघा.

अटलांटिकपार:
एक वेगळा मुद्दा. मिरज ते पुणे काही तासांत येता येतं हे तुमचं नशीब समजा. आम्ही न्यू जर्सीहून बाणेरचं घर भाड्याने दिलंय. मालक परदेशात असेल तर भाडेकरूलाच भाड्यातून कर कापून सरकारकडे भरावा लागतो, आमच्या बाबतीत ३१.२ टक्के. हे सांगितलं की निम्मे लोक 'कळवतो' म्हणून गायब. तुम्हाला हे लागू नाही.

तुम्हाला लागू असलेलं: वर्षाच्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा, मग उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा, बाकी रक्कम उत्पन्नात. रंग काढला, नळ बदलला, याची वेगळी वजावट नसते, ते सगळं त्या ३० टक्क्यांत आलं.

सरळसोट:
मिळकतकरावरून आठवलं. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते. भाडं ठरवताना हा फरक धरा. सवलत चालू ठेवून गप्प बसणारे खूप आहेत, पण तुमचा नोंदणीकृत करार सरकारदरबारीच पडलेला असणार.

आणि एक लक्षात ठेवा, आता ते तुमचं घर नाही, मालमत्ता आहे. भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या.

उंबरठा:
सरळसोट, माहितीबद्दल आभार, पण हे शेवटचं वाक्य मला पटलं नाही. घर माझंच आहे, फक्त दोन वर्षं तिथे मी नसेन. मालमत्ता म्हणायला लागले तर परत येऊन राहू कशी? काल एजंट दोन फोटो काढायला आला आणि देवघराच्या कोनाड्याला 'इथे सेट-टॉप बॉक्स बसेल' म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. मी मात्र तासभर कुणाशी बोलले नाही.

बाकी बिल उलगडलं. सेवाशुल्क १७४० निघालं. सेक्रेटरींना १७४ लिहून दिलेत, ते 'कमिटीपुढे ठेवतो' म्हणाले.

कुलूपबंद खोलीबद्दल कुणीच काही बोललं नाही!

फणसगरा:
बोलतो. मी केलंय ते, आणि पुन्हा करणार नाही.

ठाण्याचं घर, तीनपैकी एक खोली बंद. पहिली गोष्ट, करारात जागेच्या वर्णनात ती खोली वगळल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, आणि तुम्हाला तिथे कधी, किती आधी कळवून जाता येईल तेही. आम्ही लिहिलं नव्हतं. दर खेपेला बायको चादर आणायला गेली की भाडेकरीण दारात उभी राहायची. तिचंही बरोबर, तिच्या घरातून कुणीतरी बॅग घेऊन चाललंय.

दुसरी गोष्ट, दोन्ही पावसाळ्यांत तिथे कुणी खिडकी उघडली नाही. बाहेरच्या भिंतीला ओल होती. ती राहत्या घरात पहिल्या आठवड्यात दिसते, आम्हाला चौदा महिन्यांनी दिसली. पुस्तकांच्या खोक्यांना खालून वाळवी. वरून खोकी एकदम नीट, उचलायला गेलो तर तळ तिथेच राहिला आणि आतून माती सांडली. मामांनी दिलेला विश्वकोशाचा संच होता.

तिसरी पैशाची. टू बीएचकेचे २४ मिळणार असतील तर एक खोली बंद असलेल्याचे १६-१७ मिळतील. महिना सात हजार देऊन तुम्ही स्वतःच्याच घरात गोडाऊन भाड्याने घेताय.

आता कपाट. खरं शिसवी आणि आजेसासूबाईंच्या काळातलं आहे ना? मग ते एकसंध नसणार. जुने सुतार अशी कपाटं सुटी करता येतील अशीच बनवायचे. बैलगाडीतून न्यायची असत ती. वरची कॉर्निस, म्हणजे माथ्यावरची चौकट, नुसती ठेवलेली असते, ती उचलून बघा. आत कोपऱ्यात लाकडी पाचरी दिसतील. जुना सुतार गाठा, मॉड्युलर किचनवाला नको, तो करवत काढेल.

मीनाक्षी२७:
फणसगरा +१. आणि ताई, साड्या बंद खोलीत मुळीच ठेवू नका. जरीच्या असतील तर अधूनमधून घड्या बदलायलाच हव्यात.

चहाबाज:
किल्ली द्यायच्या दिवशी घराचा व्हिडिओ काढा, नळ सोडून, पंखे लावून, गिझर चालू करून. वीज मीटरचा फोटो तारखेसकट. पंखे किती, ट्यूब किती, ट्रॉल्या किती याची यादी करारालाच जोडा. शेवटचं वीजबिल आणि पाइप गॅसचं बिल येईपर्यंत डिपॉझिटमधले पाचेक हजार मागे ठेवायचे, हेही आधीच लिहा, म्हणजे निघताना कटकट नाही. सोडताना रंगाचे पैसे कापायची आपल्याकडे रीत आहे, पण दोन वर्षं राहिलेल्या माणसाने भिंतीला हात लावलेच असणार. मी तरी कापत नाही.

उंबरठा:
अपडेट देते, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

फणसगरा, नवरा स्टुलावर चढला आणि कॉर्निस दोन हातांनी उचलली गेली. वीस वर्षं आम्ही तिच्यावर सूटकेसी रचत होतो! कर्वे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत चौकशी केली, त्यांनी सत्तरीच्या एका सुतारकाकांचा नंबर दिला. काल ते आले. हातोडीला फडकं बांधून आतून आठ पाचरी ठोकून काढल्या, पाऊण तासात कपाटाच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. पाठच्या फळ्यांवर पेन्सिलीने एक ते सहा आकडे आहेत, मोडी लिपीत. सुतारकाकांना वाचता येईनात, मलाही नाही. नवऱ्याने फोटो काढले आणि त्याच्या खाली खडूने आपले आकडे घातले. आठशे रुपये घेतले. मिरजेला टेम्पोतून जाईल, माजघरात बसेल असं आई म्हणते. तिने फोनवर माप घ्यायला लावलं, तिचा विश्वास नाही.

त्यामुळे खोली बंद करत नाही. पूर्ण घर देतोय. पुस्तकांची अकरा खोकी दिराकडे, हार्मोनियम आमच्याबरोबर.

भाडेकरू: मीनाक्षीचं ऐकून तीन मुलींना भेटले, पण त्यांना जूनपर्यंत नको होतं. सध्या एक जोडपं ठरतंय, तो बँकेत, ती शिक्षिका, पाच वर्षांची मुलगी. २३ वर आले, मी हो म्हटलं. एजंट नाराज. करार २४ महिन्यांचा, शनिवारी अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस येतोय. सेक्रेटरींना आठ दिवस आधीचं पत्र दिलं, पोच घेतली. १७४ बद्दल अजून 'कमिटीपुढे'.

त्या बाईंनी देवघराचा कोनाडा पाहिला आणि विचारलं, इथे समई ठेवली तर वरची भिंत काळी होईल, चालेल ना? मी म्हटलं, आमच्यामुळे झालेलीच आहे, रंगाखाली दडलीय.

आता शेवटची मदत. त्यांच्यासाठी घराच्या खोडींची यादी करतेय: बाल्कनीची कडी जरा वर उचलून लावावी लागते, बेसिनचा गरम नळ उजवीकडे नाही डावीकडे, पाणी सकाळी साडेसहाला येतं पण पहिली पाच मिनिटं गढूळ, मागच्या खिडकीत कबुतर दरवर्षी फेब्रुवारीत येतं, जाळी काढलीत तर तुम्हीच भोगाल. ही करारालाच जोडायची का नुसती फ्रिजवर चिकटवू?

सरळसोट:
फ्रिजवर. आणि कबुतराचं पहिल्या नंबरवर घ्या.