मदत हवी आहे : आठवीतल्या वाचकासाठी मराठी विज्ञान कादंबऱ्या

माझी भाची आठवीत आहे. आजोबांच्या कपाटातलं जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' तिने दोनदा वाचून काढलं. पुस्तकाची शिवण सुटलीय, मधली पानं तिने रबर बँडने बांधून ठेवलीत. 'कृष्णविवर' ही कथा नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आणि ती आद्याक्षरं त्यांचीच, फक्त उलटी! हे सांगितल्यावर तिने वहीत स्वतःचं नाव उलटं लिहून पाहिलं.

आता तिला कथा नकोत, जाडजूड कादंबरी हवी आहे. 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' आणून ठेवल्यात. त्यानंतर काय द्यावं? बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथा मी वाचल्यात, पण या वयाला खिळवून ठेवेल अशी सलग कादंबरी सुचत नाही.

दुसरं, अद्भुत कादंबऱ्या. नाथमाधवांची 'वीरधवल' तिला जड जाईल का? मला ती लहानपणी फार आवडली होती, पण भाषा जुनी आहे. अलीकडे कुणी आपल्या मातीतली, आपल्याच डोंगरदऱ्यांतली जादुई दुनिया उभी केली असेल तर जरूर सांगा. अनुवाद चालेल, पण मराठी ओघवती हवी; अडखळत वाचायला लागलं की ती पुस्तक मिटून टाकते.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. तुम्ही स्वतः वाचलेलं, आणि सध्या दुकानात मिळणारं एखादं नाव सुचवाल का?