सव्वादोन वर्षांच्या लेकीला घेऊन माथेरान?

पुढच्या शनिवारी जातोय. बाबागाडी घेऊ का? कडेवर तिला मीच लागते, बाबा चालत नाही. माझी कंबर आत्ताच कुरकुरतेय.

उत्तर १: गाडी घरीच ठेवा. लाल मातीत चाकं रुततात, आमची उचलूनच फिरवली. मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे अमन लॉज स्टेशनहून छोटी ट्रेन घ्या.

उत्तर २: बिस्किटाचा पुडा हातात देऊ नका. माकडाने आमच्या चिरंजीवांचा पळवला. रडणं त्या पुड्यासाठी नव्हतं, "माकड टाटा न करता गेलं" म्हणून!

प्रश्नकर्ती: हाहा! मऊभात डब्यात नेते. बाबाला आजपासून कडेवरची प्रॅक्टिस. पहिला प्रयत्न: चार मिनिटं, चष्मा वाकडा.