खासदारांना सिकलसेल संशोधनाच्या निधीबद्दल काय लिहू?

गडचिरोलीची_आई: माझा मुलगा 9 वर्षांचा, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. थंडी पडली की पाय धरून रात्रभर कण्हतो, मी शेकत बसते... अधिवेशनाआधी खासदारांना पत्र द्यायचंय, संशोधनाला सरकारी पैसा वाढवा म्हणून, नेमकं काय मागू?

चंद्रपूरकर: ताई, 2023 ला केंद्र सरकारचं सिकलसेल मिशन सुरू झालं, 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचं म्हणतात, पण नुसती तपासणी करून अन् कार्ड वाटून दुखणं थोडीच थांबतं? आयसीएमआरला (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) नवीन औषधं, जीन थेरपीच्या (जनुकातला दोष दुरुस्त करणारा उपचार) संशोधनासाठी जास्त निधी द्या, लोकसभेत प्रश्न विचारा, असं सरळ लिहा.

रक्तपेढीवाला: सिकलसेलचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आधी कॅन्सरसाठी वापरायचे, संशोधन झालं म्हणूनच आपल्या पोरांना मिळालं, हे टाकाच. आणि त्या रात्रीबद्दल पण लिहा ताई. पत्राची पोच घ्या बरं का.