कल्पित जमातीच्या पंगतीत किळसवाणाच पदार्थ कशाला?

बर्डीकर
दिवाळी अंकांसाठी कल्पनाकथा लिहिणारे आम्ही काही जण नागपूरच्या सीताबर्डीत भेटतो. परवा एका कथेवरून जोरदार वाद झाला, तो इथे मांडतो. कथेत दलदलीत राहणारे निंबार लोक आहेत आणि उंडार नावाचा प्राणी: सहा पायांचा, आंधळा, रेडकाएवढा. नवा प्रमुख गादीवर बसतो त्या दिवशी जिवंत उंडाराचं काळीज काढून, ते धडधडत असतानाच सगळे खातात.

माझा आक्षेप रक्ताला नाही. सावजी खानावळीत बसून खूर, सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी मागवणारं हे शहर आहे. आक्षेप हा की तो घास निंबारांच्या जगण्यातून आलेलाच नाही. उंडार कोण धरतं, एरवी त्याला हात लावतात का, काही नाही. वाचकानं तोंड वाकडं करावं एवढ्यापुरतं ते काळीज आहे. आणि हे नेहमी रानातल्या माणसांच्याच वाट्याला का येतं? शेजारच्या बस्तरात लाल मुंग्यांची चापडा चटणी करतात. 'मुंग्या खातात' एवढंच आपण ऐकतो. मीठ-मिरचीबरोबर वाटलेल्या त्या चटणीत चिंचेचं काम मुंगीतलं फॉर्मिक आम्ल करतं, हे कोण सांगतं? ओडिशातल्या सिमिलीपालच्या अशाच काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

महालकर
अजिबात पटलं नाही. परकं जग परकंच वाटायला हवं. प्रत्येक रीतीला कारण कुठून आणायचं? आपल्या घरातल्या कितीतरी गोष्टी 'करायच्या असतात' म्हणूनच होतात. कथेतली मुलगी काळीज हातात घेते, ते बोटांत उडतं, ती गिळते आणि मग जमात तिला पहिल्यांदा नावानं हाक मारते. तो परिच्छेद मी परत परत वाचला. तो काढलात तर कथेत उरतं काय?

शिवाय रानातल्या माणसांचा पदार्थ आपल्याला पचेल असा करून वाढणं हाही त्यांचा अपमानच आहे.

रस्सेवाला
महालकर भाऊ, तुमचं अर्धं पटलं मले. पण काळीज धडधडतच खाल्लं त एका मिनिटात खेळ खलास होते. आइसलँडचं हाकार्ल पाहा नं. ग्रीनलँड शार्कचं ताजं मांस विषारी राह्यते. म्हणून थे काही आठवडे आंबवतेत, मंग काही महिने वाऱ्यावर टांगून वाळवतेत. हिवाळ्यातल्या थोराब्लोटच्या पंगतीत बारके तुकडे वाढतेत. अमोनियाचा वास नाकात जाते. किळस हायेच, पण तिच्यामागं थंडी हाय, भूक हाय. उंडाराचं काळीज विषारी करा, राखेत पुरा, अन् पुरणाऱ्या बाईचा हात चुकला त काय होते थे लिहा.

महालकर
मग गादीवर बसण्याचा क्षण आणि मरण एकाच दिवशी येत नाही. कथेचा कणाच तो आहे.

बर्डीकर
ते एकाच दिवशी असू द्या, माझी हरकत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात आणि त्याला सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' एवढ्या वाक्यात बैलाचं त्या घराशी असलेलं नातं कळतं. उंडाराला आदल्या रात्री कोणी काही बोलतं का? कथेत तो फक्त दोरानं ओढून आणलेला आहे. मला तिथे एक ओळ हवी, चव बदलून नको.

धंतोलीकर
सगळ्यांनीच खायचं हे मला खटकतं. गोंडांमधल्या काही कुळांत कुळाचा प्राणी मारत नाहीत, खात नाहीत. निंबारांतही उंडार मानणारं एखादं घर असेलच की. मुलगी त्याच घरातली असली तर?

महालकर
हे मात्र घेण्यासारखं आहे. पण मग काळीज धडधडतंच हवं, रस्सेवाले. राखेतून काढलेला सुका तुकडा कुणीही बाजूला सारेल. अख्खी जमात बघत असताना, हातात उडणारं काळीज तिला परत पानावर ठेवायचं आहे.