उरलेला खिमा दुसऱ्या दिवशी मिसळला की असंच होणार
वर कुणीतरी विचारलंय की थोड्या पाकिटांत जंतू सापडले तर एवढं सगळं बीफ का फेकायचं. अहो १९९७ चं हडसन फूड्स या अमेरिकन मांस कंपनीचं प्रकरण बघा, नेब्रास्कातल्या कारखान्यातल्या फ्रोझन बर्गर पॅटीत ई. कोलाय हा जंतू निघाला आणि २० हजार पौंडांचा रिकॉल (बाजारात गेलेला माल परत मागवणं) वाढत वाढत २.५ कोटी पौंडांवर गेला, म्हणजे १ कोटी किलोच्या वर! का, तर आज उरलेला खिमा उद्याच्या मालात, त्यातला उरलेला परवाच्या, मग खराब माल नेमका कुठे संपला हे सांगणार कोण? रोजचा माल रोज वेगळा ठेवला असता तर कितीतरी वाचलं असतं. जनावर कापायचं आणि त्याचा कचरा करायचा, हे मला फार लागतं.