योगवर्ग घेता? स्वतःचा वर्ग कधी ऐकलाय?

सतरंजीवाली
फोनची जागा संपली म्हणून जुने व्हिडिओ उडवत होते, त्यात लॉकडाऊनमधला झूमवरचा एक वर्ग निघाला. मीच घेतलेला. डाळ शिजेस्तोवर पाहिला. तेव्हा हाच पाहून मी वर्गाची वही ठेवायला लागले होते. "श्वास घ्या" आणि "सोडा" यांच्यामध्ये माणसाला श्वास घ्यायला उसंतच नाही! भुजंगासनात सगळ्यांना सरसकट "छान, मस्त". एका काकांचे खांदे कानाला टेकलेत, त्यांनाही छान.

वहीत फार नसतं. आज कोणाला नाव घेऊन सांगितलं, कोणाकडे पाहिलंच नाही, आणि कुठल्या सूचनेनंतर वर्गात काहीच हललं नाही. तिसरं सगळ्यात कामाचं. "पाठ ताठ करा" म्हटलं की लोक छाती फुगवून हनुवटी वर करतात. "टाळू छताकडे न्या" म्हटलं की होतं बरोबर.

तुम्ही कसं तपासता? करणाऱ्यांनीही लिहा.

चिंचवडचा भाऊ
मागची रांग. बाकी काही नाही, मागची रांग. आपण पुढच्या तिघींकडे बघून शिकवतो आणि त्या तिघींना आधीच येत असतं. मी सूर्यनमस्कार झाले की अख्ख्या वर्गाला उलटं तोंड करायला लावतो आणि स्वतः तिकडे जाऊन उभा राहतो.

माई_७२
अहो आम्ही मागे बसतो ते पंखा तिथे आहे म्हणून.

चिंचवडचा भाऊ
माई 😂 पंखाच हलवतो आता

डावा_उजवा
अय्यंगार पद्धतीत शिकले. समोर उभं राहून तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि स्वतः डावा पाय टाकायचा, आरशासारखं. ते जमलं की वाटतं आता आपण शिक्षक! पण खरी परीक्षा वेगळी. वर्गाचा फक्त आवाज रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर स्वतः आसनं करते. अट एकच, आवाजात नाही ते करायचं नाही. वीरभद्रासनाच्या दुसऱ्या प्रकारात मागचं पाऊल किती वळवायचं हे मी सांगतच नव्हते. पोरी माझ्याकडे बघून करत होत्या. मी फिरत फिरत शिकवायला लागले की सगळ्यांची पावलं वाट्टेल तिकडे.

(कुकर झाला, बाकीचं नंतर)

सतरंजीवाली
हे फारच भारी आहे गं. उद्याच करते.

गुडघेदुखी
मी तर करून दाखवणंच कमी केलं. तीन बॅचना तीनदा पश्चिमोत्तानासन केलं की तो आपला सराव होत नाही, नुसती कंबर जाते. बोलून सांगायला लागल्यावर कळलं, निम्म्या आसनांना माझ्याकडे शब्दच नव्हते.

आणि नवीन माणूस आला की बीपी, मणका, ऑपरेशन विचारता का सगळे? आमच्याकडे एक नवे गृहस्थ बीपीच्या गोळ्या चालू असताना जोरजोरात कपालभाती करत होते. विचारलं तर म्हणे टीव्हीवर बघून करतो.

माई_७२
आमचे हे पण तसेच. ऐकत नाहीत.

लोणावळा_पासआउट
आमच्याकडे शिकताना एकाने वर्ग घ्यायचा आणि सोबतच्यांनी मागे बसून निरीक्षण लिहायचं अशी पद्धत होती. मित्र काय वाईट लिहिणार? "आवाज चांगला, आत्मविश्वास चांगला." म्हणून आम्ही मोजायचं ठरवलं. आसन किती सेकंद टिकवलं, मध्ये विश्रांती किती, शवासनाला किती उरलं. शवासन नेहमी उपाशी.

स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली ती मोजण्यासाठीच ना. नौलीत, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळतात त्या क्रियेत, मोठ्या आतड्यातला दाब किती उतरतो हे यंत्र लावून पाहिलं त्यांनी. आपल्याला साधं घड्याळ बघायला काय होतं.

भटक्या
शवासनात मी घोरतो. याची नोंद कुठल्या रकान्यात?

लोणावळा_पासआउट
"परिणामकारकता" 😄

न्यूजर्सीची वहिनी
इथे मराठी मंडळात रविवारी घेते. भारतातून आलेले आईबाबा आणि इथली टीनएजर मुलं एकाच हॉलमध्ये. मुलांना मराठीत "नितंब" म्हटलं की खिदळतात, आज्यांना इंग्लिशमध्ये सांगितलं की त्या शेजारणीकडे बघतात. वर्ग संपल्यावर मी दोघांना एकच विचारते, आज काय जड गेलं? "मजा आली का" विचारणं सोडलं, त्यावर सगळे हो म्हणतात.

डावा_उजवा
आले परत. वहिनी, प्रश्न चोरला 🙏 आयुष मंत्रालयाच्या योगशिक्षक परीक्षेत तर "टीचर अँड इव्हॅल्युएटर" अशी पातळीच आहे, पण तिथे दुसऱ्यांना जोखायचं असतं.

गुडघेदुखी
त्या परीक्षेचं प्रॅक्टिकल कोणी दिलंय का? मला विचारायचंच होतं.

डावा_उजवा
व्यनि (खासगी निरोप) करते.

भटक्या
21 जूनच्या कार्यक्रमाला पांढरे टीशर्ट कुठून घेता सगळे? मागच्या वेळी धुतल्यावर आमचे ताडासनात बेंबीपर्यंत आले.

माई_७२
सुती घ्या, एक माप मोठं. आणि पंख्याचं काय झालं भाऊ?