मोबाईल नंबर टाकला की 'इंटिजर आऊट ऑफ रेंज' येते, काऊन?

पोट्टा_मारेगावचा:
राजेहो, मदत पाहिजे. आमच्या इकडच्या एका जिनिंगवर शेतकऱ्यायच्या कापसाची नोंद ठेवाले जँगोत (पायथनमधे साइट बनवायचं फ्रेमवर्क) साधीशी साइट बनवली, लॅपटॉपवर एसक्यूलाइट डेटाबेसवर मस्त चालून रायली होती, ३१ शेतकरी चढवले बी. काल सर्व्हरवर पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस लावला आन् पहिलाच मोबाईल नंबर टाकला त डायरेक्ट 'इंटिजर आऊट ऑफ रेंज', म्हंजे आकडा मर्यादेबाहेर. काट्यावर गाड्यायची लाईन, मुनीम म्हणे तुह्या कॉम्प्युटरपेक्षा माही वही बरी. गंमत म्हंजे टेस्टिंगसाठी १२३४५६७८९० टाकला होता, तो तिथं बी सेव्ह होते! मॉडेलमधे (डेटाबेसच्या तक्त्याचा आराखडा) मोबाईल आन् गट नंबर दोन्ही इंटिजरफील्ड (पूर्ण आकड्याचा रकाना) हायेत, वजन फ्लोटफील्ड (दशांशाचा). नेटचा प्रॉब्लेम असन का?

कपाशी_आन्_कोड:
नेटचा काही संबंध नाही भाऊ. पोस्टग्रेसचा इंटिजर ४ बाइटचा, त्यात २१४७४८३६४७ च्या वर काही जातच नाही, म्हंजे २१४ कोटी आन् वर थोडं. तुह्या टेस्टिंगचा नंबर १२३ कोटीचा म्हणून बसला. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ नं सुरू होतात, लहानात लहान बी ६०० कोटीच्या वरचा, एक बी बसणार नाही. एसक्यूलाइट ८ बाइटपर्यंत घेते म्हणून लॅपटॉपवर चूप होतं. बिगइंटिजरफील्ड (८ बाइटचा) कर, चालते.

संत्रावाली_ताई:
चालेल, पण नको करू. मोबाईल नंबरची बेरीज-वजाबाकी कोणी करतं का? कॅरफील्ड (अक्षरांचा रकाना) कर, मॅक्स लेंग्थ १५ दे, आधी बॅकअप घे, मग मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट या कमांड चालव, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये उतरतो. आधीचे आकडे आपोआप अक्षरं होऊन बसतात. वजनाचा फ्लोट पण काढ, डेसिमलफील्ड (अचूक दशांशाचा) लाव, फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं आणि पैशाच्या हिशोबात असली शेपटं कोणाला समजावून सांगशील. बरं, गट नंबर ४५/२ असला तर आतापर्यंत काय टाकत होतास?

पोट्टा_मारेगावचा:
ताई, स्लॅश टाकला की नंबरच पाहिजे म्हणून एरर येत होता, म्हणून काढून ४५२ टाकला 😅

संत्रावाली_ताई:
अरे बाप्पा! आणि खरा ४५२ वाला शेतकरी आला म्हणजे? फील्ड बदलून हे सुधारत नाही, ४५/२ होतं का ४/५२ हे डेटाबेसले काय माहीत. सातबारे पाहून हातानंच दुरुस्त कर.

कपाशी_आन्_कोड:
हे त मले सुचलंच नव्हतं. गट नंबर बी कॅरफील्डच कर मंग, पण अक्षरं म्हणून लागतीन, त १० नंबर २ च्या आधी दिसन, सॉर्टिंगमधे घाबरू नको.

पोट्टा_मारेगावचा:
मायग्रेट मारलं, मोबाईल नंबर घेतला एकदाचा. मुनीमाच्या वहीत सगळे गट नंबर स्लॅशसकट लिहून हायेत, आता तेच मांडीवर घेऊन बसलो, सहा झाले, पंचवीस बाकी. मुनीम काही बोलून नाही रायला, नुसता चहा पाठवला.